डीएचसीपी क्लायंट : फॉरमॅट करण्याआधी हे वाचा

हॉस्टेलवर कुणाचं नेट बंद पडलं की पहिला सल्ला येतो, "विंडोज फॉरमॅट मार!" पण त्यात सी ड्राइव्हवरचा प्रोजेक्ट रिपोर्टही जातो. कधी कधी दोष फक्त एका सर्व्हिसचा असतो. तिचं नाव डीएचसीपी क्लायंट.

नेटवर्कवर येणाऱ्या प्रत्येक पीसीला आयपी अ‍ॅड्रेस लागतो. तो मागून आणणं हे या सर्व्हिसचं काम. क्लायंट 'डिस्कव्हर' अशी हाक मारतो, सर्व्हर 'ऑफर' देतो, क्लायंट 'रिक्वेस्ट' करतो आणि सर्व्हर 'अ‍ॅक्नॉलेज' करतो. हे सगळं यूडीपीवर चालतं, सर्व्हरचा पोर्ट 67 आणि क्लायंटचा 68. नियम 1997 च्या आरएफसी 2131 मध्ये आहेत. मिळालेला अ‍ॅड्रेस आपल्या रूमसारखाच, मुदतीचा! साधारणपणे अर्धी मुदत संपली की क्लायंट त्याच सर्व्हरकडे मुदतवाढ मागतो. उत्तर नाही आलं तर 87.5 टक्क्यांला कुठल्याही सर्व्हरकडे मागतो. म्हणून सर्व्हिस मध्येच बंद केली तरी नेट लगेच जात नाही आणि खरं कारण लक्षातच येत नाही.

विंडोज 7, 10 आणि 11 मध्ये हिचं डिफॉल्ट असं : स्टार्टअप टाइप 'ऑटोमॅटिक', अकाउंट 'लोकल सर्व्हिस'. रजिस्ट्रीत तिच्या 'स्टार्ट' या नोंदीची किंमत 2 असते. 3 म्हणजे मॅन्युअल, 4 म्हणजे डिसेबल्ड. "पीसी फास्ट करा" छापाच्या टिप्स वाचून सर्व्हिसेस बंद करत सुटलं की ही पण त्यात सापडते.

पूर्ववत करायचं असं :

1. रनमध्ये 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' टाइप करा. डीएचसीपी क्लायंटवर डबल क्लिक करा, ऑटोमॅटिक निवडा, अप्लाय करा, मग स्टार्ट.

2. ते जमलं नाही तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजी अक्षरांत द्या : 'एससी कॉन्फिग डीएचसीपी स्टार्ट= ऑटो'. बरोबरचं चिन्ह 'स्टार्ट'ला चिकटून, त्यानंतर एक स्पेस. मग 'नेट स्टार्ट डीएचसीपी'.

3. एरर 1068 आला तर ही सर्व्हिस ज्यांच्यावर अवलंबून आहे त्यातलं काहीतरी बंद आहे. 'डिपेंडन्सीज' टॅब बघा. 'नेटवर्क स्टोअर इंटरफेस सर्व्हिस' चालू आहे ना, ते आधी तपासा.

4. शेवटी 'आयपीकॉन्फिग /रिन्यू' द्या.

सर्व्हिस चालू असूनही अ‍ॅड्रेस 169.254 ने सुरू होत असेल, तर सर्व्हरचं उत्तर पोचलेलं नाही. विंडोजने स्वतःच तात्पुरता अ‍ॅड्रेस घेतलाय. अशा वेळी केबल, स्विच बघा किंवा लॅबच्या सरांना सांगा. फॉरमॅट करून काहीच उपयोग नाही, कारण बिघाड तुमच्या पीसीत नसण्याचीच शक्यता जास्त.

सबमिशनच्या आदल्या रात्री हे पाच मिनिटांचं काम आहे. फॉरमॅटला अख्खी रात्र जाते, आणि गेलेला रिपोर्ट काही परत येत नाही.