तिच्या पाठीशी

झाशी हे नाव उच्चारताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे राणी लक्ष्मीबाईंची मूर्ती उभी राहते. १८५७ च्या संग्रामातील त्यांचे शौर्य सर्वांना ठाऊक आहे. याच राणीच्या नावाने उत्तर प्रदेश शासनाने २०१५ मध्ये एक सन्मान कोष सुरू केला. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रियांना त्यातून आर्थिक साहाय्य मिळते. कोषाच्या नावातील ‘सन्मान’ हा शब्द अर्थपूर्ण आहे. अत्याचारामुळे स्त्रीची प्रतिष्ठा जात नाही. मान खाली घालावी ती अत्याचार करणाऱ्याने. हे साधे सत्य समाजाच्या व कायद्याच्या गळी उतरण्यास मात्र फार काळ लागला.

महाराष्ट्रातील एक खटला याची साक्ष देतो. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे, पोलीस ठाण्यातच आपल्यावर अत्याचार झाल्याची तक्रार एका आदिवासी मुलीने केली. उच्च न्यायालयाने दोन पोलिसांना दोषी ठरवले. परंतु १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे तिने प्रतिकार केला नाही, असा तर्क त्यामागे होता. भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हे १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रात ठणकावून सांगितले. ठिकठिकाणच्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेची ओळख उघड करणे हाही गुन्हा ठरला. त्या मुलीला न्याय मिळाला नाही. तिच्या मागून येणाऱ्या असंख्य स्त्रियांची वाट मात्र तिच्यामुळे थोडी सुकर झाली.

आज अशा प्रसंगी मदत मागणे हा स्त्रीचा हक्क आहे. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने तिच्यावर तातडीने विनामूल्य उपचार केले पाहिजेत. पोलिसांत तक्रार नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. म्हणून रुग्णालयात लवकर जाणे हिताचे. अंगावरचे कपडे न धुता जपून ठेवल्यास ते पुरावा म्हणून उपयोगी पडतात. तथापि उशीर झाला म्हणून मदतीची दारे बंद होत नाहीत. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते.

संकटसमयी ११२, महिलांसाठी १८१ आणि बालकांसाठी १०९८ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. स्त्रीला वकिलाची मोफत मदत मिळताना तिचे उत्पन्न पाहिले जात नाही. २०१५ पासून सुरू झालेल्या ‘सखी’ केंद्रांत उपचार, समुपदेशन, पोलीस व कायद्याची मदत आणि तात्पुरता निवारा यांची सोय एकाच छताखाली केली जाते.

परंतु कायदा व केंद्रे यांच्याही आधी येतो तो तिचे बोलणे प्रथम ऐकणारा माणूस. ती आई असेल, शेजारीण असेल, मैत्रीण असेल. “तू तिथे गेलीसच कशाला?” हा एक प्रश्न तिचे तोंड कायमचे बंद करू शकतो. “तुझी काही चूक नाही. तू सांगितलेस ते बरे केलेस,” एवढे दोन शब्द तिला धीर देतात. तिचे म्हणणे शांतपणे ऐकावे, चारचौघांत त्याची चर्चा करू नये, पुढचा निर्णय तिच्यावर लादू नये. रुग्णालयात वा ठाण्यात जायचे झाल्यास सोबत जावे.

रणांगणावर लढणे हे शौर्य खरेच. आपल्यावर झालेला अन्याय उघडपणे सांगणे, हेही शौर्यच. आणि सांगणारीच्या पाठीशी उभे राहणे, हे प्रत्येकाला जमण्याजोगे काम आहे.

स्वाध्याय

१. देसाईगंज येथील खटल्यानंतर कायद्यात बदल का करावा लागला?
२. कोषाच्या नावातील ‘सन्मान’ या शब्दाचे महत्त्व स्पष्ट करा.
३. अत्याचार झालेल्या व्यक्तीचे बोलणे प्रथम ऐकणाऱ्याने कसे वागावे, ते तुमच्या शब्दांत लिहा.