अ‍ॅपवर प्रश्न विचारताना

बंगळुरूत नोकरीला असलेली मुलगी रात्री अकरा वाजता अ‍ॅपवर विचारते, ‘बाबांच्या छातीत जळजळतंय, गॅसची कोणती गोळी देऊ?’ असे प्रश्न आता रोजचे झाले आहेत. प्रॅक्टो 2008मध्ये आणि डॉक्सअ‍ॅप 2015मध्ये याच शहरात सुरू झालं, आणि घरबसल्या डॉक्टरला विचारायची सवय देशभर पसरली.

अशा सेवांमध्ये तुमचा प्रश्न पुष्कळदा आधी संगणक वाचतो. जुने असंख्य प्रश्न आणि ते कोणत्या तज्ज्ञाकडे गेले, हे पाहून तो शिकलेला असतो. यालाच मशीन लर्निंग म्हणतात. चांगली सोय आहे ती. त्वचेचा प्रश्न हाडांच्या डॉक्टरकडे जात नाही. पण त्याच्या हाती फक्त तुमचे शब्द असतात. ‘जळजळ’ आणि ‘गॅस’ वाचून तो प्रश्न पोटाच्या डॉक्टरकडे धाडू शकतो. बाबांना फुटलेला घाम त्याला दिसत नाही.

तोच प्रश्न असा लिहून पाहा: ‘वय 61, पुरुष. 12 वर्षं मधुमेह, मेटफॉर्मिन चालू. संध्याकाळपासून छातीत जळजळ, जिना चढलं की वाढते, बसलं की कमी होते. डावा हात जड वाटतो. उलटी नाही, ताप नाही.’ आता चित्र पार बदललं! हे हृदयाचं दुखणं असू शकतं. मधुमेह असलेल्यांत, बायकांत आणि वयस्कांत हार्ट अटॅक पुष्कळदा असाच, छातीत कळ न येता येतो. म्हणून एवढं लिहून झालं तरी उत्तराची वाट पाहत बसू नका. 108ला फोन करा, ईसीजीची सोय असलेलं रुग्णालय गाठा. धाप लागणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, शुद्ध हरपणं, यांतलं काहीही असलं तर प्रश्न टाइपच करू नका.

बाकी दुखण्यांसाठी जरूर विचारा. वय, कधीपासून, आधीचे आजार, चालू गोळ्यांची नावं, अ‍ॅलर्जी आणि दिवस गेले असतील तर तेही लिहा. निदान आपणच ठरवून ‘अ‍ॅसिडिटी आहे’ असं लिहू नका. काय होतंय तेवढंच सांगा. घरातल्या दोघांची दुखणी एकाच प्रश्नात घालू नका. आधार क्रमांक, पत्ता तर मुळीच नको.

उत्तराखाली डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक आहे का, ते मात्र बघाच. 25 मार्च 2020च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार यंत्राला रुग्णाला सल्ला देता येत नाही की औषध लिहून देता येत नाही. ते डॉक्टरला मदत करू शकतं, एवढंच. नोंदणी क्रमांक नसेल तर त्या उत्तरावरून गोळी घेऊ नका.

मन खचलं असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर 14416 लावा. ही टेलिमानस सेवा चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.