प्लॉट केवढा असावा, हे ठरवतं कोण?

प्रश्न : वडिलांनी घेतलेला ३० बाय ५० चा प्लॉट आम्ही दोघे भाऊ वाटून घेणार आहोत. थोरला म्हणतो, एवढा लहान तुकडा नगरपालिका मान्य करत नाही. माझं म्हणणं, गावाबाहेर तर याहून लहान प्लॉट सर्रास विकले जातात. प्लॉटचा किमान आकार खरंच ठरलेला असतो का?
– एक वाचक, पुसद

उत्तर : असतो, पण तुमच्या थोरल्यांना वाटतो त्यापेक्षा बराच लहान. मुंबई आणि काही खास क्षेत्रं वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकच बांधकाम नियमावली लागू आहे. नगररचनेतली मंडळी तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. तिच्यात घराच्या प्लॉटची खालची मर्यादा ३० चौरस मीटर आहे, म्हणजे जेमतेम ३२३ चौरस फूट. तुमचा प्लॉट १,५०० फुटांचा. उभा कापला तर प्रत्येकाला १५ बाय ५०, ७५० फूट. क्षेत्रफळावर काही अडत नाही.

अडेल ते रुंदीवर. पंधरा फुटांत दोन्ही बाजूंना मीटर-मीटर जागा सोडली, तर बांधायला आठच फूट उरतात. म्हणून अरुंद प्लॉटवर भिंतीला भिंत लावून रो-हाउस बांधतात, पण त्यासाठी दोघा भावांचं जमलं पाहिजे. आडवा कापला तर मागच्या भावाला रस्ताच नाही. आणि कसाही कापा, विभागणीचा नकाशा नगरपरिषदेकडून मंजूर करून घ्यावा लागतो. नुसत्या वाटणीपत्राने एकाचे दोन प्लॉट होत नाहीत.

अमेरिकेतल्या टेक्सासमधलं ह्यूस्टन घ्या. १९९८ मध्ये तिथे शहराच्या आतल्या भागासाठी प्लॉटची किमान मर्यादा ५,००० चौरस फुटांवरून १,४०० वर आणली आणि त्याचा केवढा गाजावाजा झाला! त्यांची कमी केलेली मर्यादा तुमच्या अख्ख्या प्लॉटएवढी. आपल्याकडचा कायदा प्लॉट लहान आहे म्हणून फारसा बिचकत नाही. त्याची नजर असते ती प्लॉटच्या आजूबाजूला काय सोडलं यावर.

आता तुमचा मुद्दा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. सगळ्या जमिनीचे १,५०० फुटांचे प्लॉट पाडले तर २९ पडतील. पण ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, आणि एकर ही मर्यादा थोडक्यात ओलांडतो. त्यात नऊ मीटर किंवा त्याहून रुंद रस्ते. त्यांत पाव जमीन गेली असं धरलं तर प्लॉट उरतात अठरा. बाकीचे अकरा प्लॉट हीच विनामंजुरी ले-आउटमधली ‘स्वस्ताई’. बैलगाडीपुरता रस्ता, नाली नाही, आणि सातबारावर दहा-बारा जणांचा सामाईक हिस्सा.

हे सगळं नकाशाच्या रंगावर चालतं. विकास आराखड्यात पिवळा पट्टा निवासी, हिरवा शेतीचा. ज्या १९६६ च्या नगररचना कायद्याखाली हे आराखडे होतात, तो झाला तेव्हा मुख्यमंत्री होते तुमच्याच तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. त्याआधी ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्षही होते. पिवळ्यात ३० चौरस मीटर चालतात. हिरव्यात मात्र १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. ऑगस्ट २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे ही किमान मर्यादा आहे. वीस गुंठे म्हणजे दोन हजार चौरस मीटरच्या वर! मधे एखादा बांध असेल नाहीतर नाला, पण अलीकडे-पलीकडे मर्यादेत साठपटींहून जास्त फरक. तुकडेबंदी शेती टिकवायला आली होती. गावाच्या वेशीवर तिच्यामुळे तुकडे थांबले नाहीत, चोरून पडू लागले, असं माझं मत.

सरकारलाही ते उमगलेलं दिसतं. नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशाने नागरी आणि आराखड्यातल्या बिगरशेती पट्ट्यांमधले जुने तुकडे नियमित करायला वाट करून दिली. त्याने कागद सरळ होईल. न सोडलेला रस्ता कोणाच्या प्लॉटातून काढायचा, हा तंटा तिथल्या लोकांनाच निस्तरावा लागणार.

म्हणून वाटणीआधी वडिलांचं खरेदीखत काढा. त्यात मंजूर ले-आउटचा क्रमांक आणि तारीख आहे का, प्लॉट नंबर नगरपरिषदेतल्या नकाशाशी जुळतो का, ते बघा. जुळत असेल तर विभागणीचा नकाशा आणि अर्ज द्या, उभा काप सुचवा. जुळत नसेल तर २००१ च्या गुंठेवारी कायद्यात बसतं का ते आधी विचारा. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला वाढवली आहे. तो प्रश्न सुटेपर्यंत वाटणी थांबवलेली बरी, नाहीतर एक अनियमित प्लॉट होता त्याचे दोन होतील.