गाठीतल्या पांढऱ्या पेशी कुणाच्या बाजूने?

कॅन्सरचं निदान झालं की घरच्यांचा दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न ठरलेला: ‘डॉक्टर, प्रतिकारशक्ती वाढवायला काय देऊ?’ या वेळी तोच प्रश्न एका वाचक भगिनीने जरा वेगळ्या वाटेने विचारला आहे. वडिलांच्या गालातल्या गाठीची बायोप्सी झाली. गाठीत पुष्कळ पांढऱ्या पेशी आहेत असं रिपोर्टात आलं. म्हणजे शरीर लढतंय, मग त्याला आणखी बळ का देऊ नये?

प्रश्न अगदी रास्त आहे, पण उत्तर सरळ ‘हो’ असं देता येत नाही.

बायोप्सीचा तुकडा मेणात बसवतात, त्याचा अतिशय पातळ काप काढतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. कॅन्सरच्या पेशी मोठ्या, वेड्यावाकड्या, एकमेकींना खेटून बसलेल्या दिसतात. त्यांच्या कडेने, कधी थेट मधोमध, गडद जांभळे बारीक ठिपके विखुरलेले असतात. या पांढऱ्या पेशी. जर्मनीच्या रुडॉल्फ विर्शोने त्या गाठीत पाहिल्या आणि १८६३ मध्ये तर्क मांडला, की जिथे जुनाट सूज असते तिथे कॅन्सर उगवतो. म्हणजे या पेशींवर पहिला संशय घेतला गेला तो मदतनीस म्हणून नव्हे, साथीदार म्हणून. शरीराचे शूर सैनिक वगैरे वर्णन शाळेच्या पुस्तकात शोभतं. गाठीत तेवढं सोपं चित्र नसतं.

त्या जांभळ्या ठिपक्यांत निरनिराळ्या जाती आहेत. मारक टी-पेशी कॅन्सरची पेशी ओळखतात आणि तिला थेट संपवतात. त्या भरपूर असतील तर रुग्णाच्या दृष्टीने सहसा चांगलंच. फ्रान्समध्ये जेरोम गालाँ आणि सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याच्या गाठी तपासून २००६ मध्ये दाखवलं, की गाठीत कोणत्या टी-पेशी, कुठे आणि किती दाट आहेत यावरून रुग्णाच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज नेहमीच्या स्टेजपेक्षाही चांगला बांधता येतो.

आता दुसरी बाजू. मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी एरवी जंतू आणि मेलेल्या पेशी गिळतात. हाताला कापलं की जंतूंचा बंदोबस्त झाल्यावर याच पेशी डागडुजीला लागतात: नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून रसायनं सोडतात, पेशींना वाढायला सांगतात, दाह शमवतात. जखम भरली की काम थांबतं. गाठीत ते थांबत नाही. कॅन्सरच्या पेशी सतत संदेश सोडत राहतात, रक्तातून नव्या पेशी ओढून घेतात आणि त्यांना डागडुजीलाच जुंपून ठेवतात. त्यातून गाठीला रक्तपुरवठा मिळतो, आसपासच्या ऊतींत शिरायला वाट मिळते आणि मारक टी-पेशी थंडावतात. अमेरिकेच्या हॅरॉल्ड ड्व्होरॅक यांनी १९८६ मध्ये गाठीला ‘न भरणारी जखम’ म्हटलं ते याचसाठी. माझ्या मते यापेक्षा नेमकं वर्णन अजून कुणी केलेलं नाही.

तिसरी जात नियामक टी-पेशींची. प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटू नये, हे पाहणं त्यांचं काम. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या आणि त्या संशोधनाला २०२५ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. गाठ या पेशीही आपल्याभोवती गोळा करते. शिवाय मारक पेशी पोचल्याच, तर कॅन्सरची पेशी त्यांच्यावरचं पीडी-१ हे ‘थांब’ सांगणारं प्रथिन दाबते आणि त्या तिथेच निष्क्रिय बसून राहतात.

तेव्हा भगिनी, ‘पुष्कळ पांढऱ्या पेशी’ एवढ्यावरून बाजू ठरत नाही. कोणत्या पेशी आणि कोणत्या अवस्थेत, हे कळावं लागतं. सरसकट ‘वाढवायचं’ म्हटलं तर नेमकं काय वाढणार? बाजारातल्या पावडरी, थेंब आणि काढे यांपैकी एकही गाठीतल्या मॅक्रोफेजची बाजू बदलतो, असं सिद्ध झालेलं नाही. अपाय मात्र होऊ शकतो. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, तो वाद आहेच. पण केमोची बरीच औषधं यकृतालाच निस्तरावी लागतात. अशा वेळी त्याच्यावर आणखी भार नको, इतकं माझं स्पष्ट मत आहे. चौरस आहार, अंडी-डाळी, झोप आणि झेपेल तेवढं चालणं यावर पैसे आणि लक्ष खर्च करा.

ज्यांना कॅन्सर झालेला नाही त्यांच्या हातात मात्र एक गोष्ट नक्की आहे: जुनाट सूज वेळीच बंद करणं. आपल्याकडे ती सर्वांत जास्त तोंडात दिसते. गुटखा सोडला, आता नुसती सुपारी खातो, असं अभिमानाने सांगणारे रोज भेटतात. नुसती सुपारीही कॅन्सरकारक आहे. सततच्या दाहाने गालाच्या आतलं अस्तर पांढुरकं, चामड्यासारखं ताठ होत जातं. आमटी-भाजी तिखट नसतानाही झोंबते, मग तोंड पुरतं उघडेनासं होतं. घरच्या घरी पाहा: आपलीच तीन बोटं उभी धरून दातांच्या मधे जातात का? दोनच जात असतील तर आजच दंतवैद्याला किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. दोन आठवड्यांत न भरलेला तोंडातला व्रणही तसाच, मलम लावत बसू नका. यकृताच्या बाबतीत हेपॅटायटिस बी हा सुजेचा मोठा धनी. त्याची लस बाळाला जन्मतःच मिळते. मोठ्यांनी घेतली नसेल तर विचारून घ्यावी. सूज कमी करायची म्हणून रोज ॲस्पिरिन किंवा पेनकिलर घेणं हा मात्र मूर्खपणा आहे. पोटातून रक्तस्राव होईल, मूत्रपिंडं खराब होतील.

आता वडिलांचं. गाठ काढण्याजोगी असेल तर आधी शस्त्रक्रिया; काढा संपेपर्यंत तारीख पुढे ढकलू नका. पीडी-१ रोखणारी इंजेक्शनं त्या निष्क्रिय टी-पेशींना पुन्हा कामाला लावतात. प्रतिकारयंत्रणेवरचे असे ‘थांब’ संदेश हटवून कॅन्सरवर उपचार करण्याच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. ती सगळ्यांना लागू पडत नाहीत आणि किंमत ऐकून माणसं मान खाली घालतात. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियलमधलं एक काम सांगतो. डोकं-मानेचा कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेलेल्या, बरा होण्याची आशा नसलेल्या रुग्णांना स्वस्त गोळ्यांसोबत निवोलुमॅब दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असतो. वर्षानंतर नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी सुमारे १६ टक्के जिवंत होते, हे इंजेक्शन घेतलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के. त्या गोळ्यांतली एक, सेलेकॉक्सिब, सुजेवरचीच. अशा इंजेक्शनाची वेळ आलीच तर ‘कमी डोसचं चालेल का?’ असं आपल्या कॅन्सरतज्ज्ञाला निःसंकोच विचारा.

असं इंजेक्शन सुरू असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. जाग्या झालेल्या टी-पेशी निरोगी अवयवांवरही उलटू शकतात. दिवसातून पाच-सहा वेळा जुलाब, चढती धाप, कोरडा खोकला, कावीळ, छातीत दुखणं किंवा कमालीचा थकवा आला, तर बाहेरचं खाल्लं असेल म्हणून घरगुती उपाय करू नका. उपचार बहुधा स्टेरॉइडचा असतो आणि तो वेळेवर सुरू व्हावा लागतो. औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा आणि गावातल्या डॉक्टरांनाही ती दाखवा. शेवटचं इंजेक्शन घेऊन काही महिने लोटले असले तरीही दाखवा. हा त्रास औषध बंद झाल्यानंतरही उद्भवू शकतो.