चेहऱ्यावरचा डोळा न देता स्पॅनिश बोली

एखादी वस्तू फार महाग पडली की स्पॅनिश माणूस म्हणतो, 'कुएस्ता उन ओहो दे ला कारा', म्हणजे तिच्यासाठी चेहऱ्यावरचा एक डोळा द्यावा लागतो. किंमत ऐकून आपले डोळे नुसते पांढरे होतात, त्यांचा डोळाच जातो. असे बोलीतले प्रयोग समजून घ्यायला कल्याणजवळच्या शहाडसारख्या ठिकाणी राहणाऱ्याला किती खर्च येतो, त्याचा हा हिशेब.

नुसता अर्थ फुकट मिळतो, हे आधी लक्षात ठेवा. स्पॅनिश राजअकादमीचा शब्दकोश संकेतस्थळावर मोफत आहे. शब्दापुढे 'कोलोक.' असं लिहिलेलं दिसलं की तो बोलीतला प्रयोग, आणि 'मेह.' दिसलं की मेक्सिकोतला. लॅटिन अमेरिकेतल्या शब्दांचा 'दिक्सिओनारिओ दे अमेरिकानिस्मोस' हा २०१० सालचा कोशही मोफत बघता येतो. म्हणून 'पाचशे वाक्प्रचारांची पीडीएफ' कुणी पैसे घेऊन देत असेल तर घेऊ नका. अशा फसवणुकीला ते 'दार गातो पोर लिएब्रे' म्हणतात: सशाच्या नावाखाली मांजर गळ्यात मारणं.

मराठी माणसाला ही बोली परकी वाटण्याचं कारण नाही. आपला 'पगार' पोर्तुगिजांकडून आला, आणि स्पॅनिशमध्येही 'पागार' म्हणजे पैसे देणं. कुणाची फिरकी घेण्याला तिकडे 'तोमार एल पेलो', म्हणजे केस धरणं, म्हणतात. आपली शेंडी लावणं त्याच्या जवळ जातं, पण शेंडी लावण्यात फसवणूक जास्त आणि थट्टा कमी. स्पष्टवक्त्या माणसाच्या 'जिभेवर केस नाहीत' असंही ते म्हणतात. आपण 'जिभेला हाड नाही' म्हणतो तेव्हा मात्र तक्रार असते. अशी जोडी जुळवताना फरकही वहीत लिहून ठेवा, कारण नेमकी तिथेच चूक होते.

पैसे मोजायचे ते हा फरक सांगणाऱ्या माणसासाठी. 'कोहेर' हे क्रियापद स्पेनमध्ये बस पकडण्यासाठी बिनदिक्कत वापरतात. मेक्सिको आणि अर्जेंटिनात ते अश्लील आहे. २०२२च्या फुटबॉल विश्वचषकात नेदरलँड्सविरुद्धच्या सामन्यानंतर मेस्सीने एका खेळाडूला 'के मिरास, बोबो?' असं सुनावलं. काय बघतोस रे, बावळटा! 'मिरास'मधला 'रा'वरचा आघात अर्जेंटिनाचा आहे. स्पेनमध्ये तो 'मि'वर पडतो. म्हणून फी विचारण्याआधी ठरवा, की तुम्हाला कुठली स्पॅनिश हवी. मेक्सिकोच्या ग्राहकांचे फोन घ्यायचे असतील तर माद्रिदची बोली घोकून भागणार नाही.

आता फी. जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवा आणि बोलायला मिळणाऱ्या मिनिटाचा भाव काढा. समजा, ३० तासांच्या वर्गाला ९,००० रुपये आहेत आणि वर्गात १५ जण आहेत. तासाला ३०० रुपये पडले. पण शिक्षक पूर्ण वेळ गप्प बसले तरी तुमच्या वाट्याला तासात चारच मिनिटं येतात, म्हणजे मिनिटाला ७५ रुपये. एकट्याच्या ऑनलाइन शिकवणीला तासाला ७०० रुपये दिले आणि अर्धा तास तुम्ही बोललात, तर मिनिटाला साधारण २३ रुपये. आकडे उदाहरणाचे आहेत, रीत मात्र हीच वापरा. व्याकरण गटात शिकायला काहीच हरकत नाही. बोलीसाठी मला एकट्याची शिकवणी पटते.

प्रवासही हिशेबात धरा. वर्ग दादरला असेल तर शहाडहून येऊन-जाऊन किमान दोन तास जातात. इथे थांबणाऱ्या लोकल मुळात कमी, आणि हुकली की रिक्षाने कल्याण गाठावं लागतं. दीड तासाच्या वर्गासाठी एवढा वेळ घालवण्यापेक्षा मी घरूनच शिकेन.

स्पॅनिशच्या डेले परीक्षेचं प्रमाणपत्र कायम वैध असतं. त्याची फी पातळीनुसार बदलते, म्हणून दिल्लीच्या इन्स्तितुतो सेर्व्हांतेसकडून चालू दर विचारून घ्या. नोकरीत कागद मागणार असतील तरच हा खर्च करा. नुसती बोली कळण्यासाठी त्याची गरज नाही.

पूर्ण फी एकदम भरू नका. सांगितलेली रक्कम जीएसटी धरून आहे की वगळून, मध्येच सोडल्यास किती परत मिळेल, हे लेखी घ्या आणि पावती जपा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आणि पैसे भरण्याआधी एक चाचणी तास मागा. त्यात शिक्षकांना सहज विचारा, 'गुआगुआ' म्हणजे काय? क्युबात ती बस असते, चिलीत तान्हं बाळ. उत्तर देण्याआधी ज्यांनी 'कुठल्या देशात?' असं उलट विचारलं, त्यांच्याकडे नाव नोंदवा.