भाड्याचे यंत्र आणि त्याची देखभाल

म्हैसूर शहराच्या पश्चिम भागात विजयनगर नावाची मोठी वसाहत आहे. तेथील एखाद्या वाचनालयाने आपल्या ग्रंथांची सूची संगणकावर ठेवावयाचे ठरविले, असे समजू. या कामासाठी ‘कोहा’ ही प्रणाली विनामूल्य मिळते. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी ती तयार झाली व २००० साली प्रथम वापरात आली. ती लिनक्सवर चालते. परंतु तीसाठी लागणारा संगणक वाचनालयातच असावा लागतो, असे नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात व अ‍ॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत आपली केंद्रे सुरू केली. अशा केंद्रातील यंत्र भाड्याने घेता येते. यालाच व्यवहारात ‘क्लाउड’ म्हणतात. नाव ढगाचे असले तरी वस्तू जमिनीवरच असते: इमारत, वीज, थंड हवा आणि कपाटांत रचलेले संगणक.

अशा प्रत्येक मोठ्या संगणकाचे एका विशेष आज्ञावलीच्या साहाय्याने अनेक भाग पाडलेले असतात. प्रत्येक भाग स्वतंत्र संगणकासारखा वागतो. त्यास आभासी यंत्र म्हणतात. चाळीतील बिऱ्हाडांची उपमा येथे बरीचशी लागू पडते. छप्पर, जिना व पाण्याची टाकी मालकाने सांभाळावयाची. खोलीचे कुलूप आणि आतील सामान यांची काळजी भाडेकरूने घ्यावयाची. भाडे भरले म्हणजे सर्वच जबाबदारी मालकावर गेली, हा समज चुकीचा आहे.

प्रथम कुलपाचा विचार करू. मुंबईतील यंत्राशी म्हैसुरातून बोलण्यासाठी ‘एसएसएच’ ही पद्धत वापरतात. फिनलंडमधील एका विद्यापीठाच्या जाळ्यातून परवलीचे शब्द चोरीस गेले, तेव्हा तेथीलच तातू यूलनेन या संशोधकाने १९९५ साली ती निर्माण केली. तीत किल्ल्यांची जोडी असते. एक किल्ली उघड असते व ती दूरच्या यंत्रावर नोंदविली जाते. दुसरी गुप्त असते व ती चालकाच्या स्वतःच्या संगणकाबाहेर कधीही जाऊ नये. गुप्त किल्लीची फाइल इतरांस वाचता येण्याजोगी राहिली, तर लिनक्सवरील एसएसएच ती वापरण्याचेच नाकारते. दोन चालक असल्यास दोघांच्या किल्ल्या वेगळ्या असाव्यात. म्हणजे एकाने नोकरी सोडली, तर नोंदीतील त्याची तेवढी ओळ खोडून भागते. सर्वाधिकारी ‘रूट’ या नावाने थेट प्रवेश बंद ठेवून, गरजेपुरता अधिकार ‘सुडो’ या आज्ञेने घेणे इष्ट.

सुरक्षाविषयक सुधारणा नियमितपणे बसवाव्या लागतात. त्यांपैकी लिनक्सच्या गाभ्यातील, म्हणजे कर्नलमधील, बहुतेक सुधारणा यंत्र पुन्हा सुरू केल्यावरच लागू होतात.

साठवणीची जागा मात्र हळूहळू व नकळत भरते. यंत्र आपल्या प्रत्येक व्यवहाराची नोंद लिहीत असते. त्या नोंदी वाढत जाऊन जागा संपली, की सूचीत नवे पुस्तक चढविता येत नाही आणि चालक मात्र दोष कोहात शोधीत बसतो. ‘डीएफ’ या दोन अक्षरी आज्ञेने किती जागा उरली आहे ते तत्काळ कळते.

वेळेची बाबही अशीच फसवी आहे. ही यंत्रे बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर लावलेली असतात व भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास असते. रात्री दोन वाजता सूचीची प्रत काढावी, असे यंत्रास सांगितले, तर ते काम सकाळी साडेसात वाजता सुरू होते. त्या सुमारास वृत्तपत्रे वाचणाऱ्यांची गर्दी असते!

राहिला प्रश्न त्या प्रतीचा. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या केंद्रास आग लागून एक इमारत पूर्णपणे जळाली. ज्या ग्राहकांच्या मूळ माहितीबरोबर तिच्या प्रतीही त्याच आवारात होत्या, त्यांपैकी काहींचे दोन्ही गेले. म्हणून मूळ सूची मुंबईत असेल, तर तिची एक प्रत अन्य शहरात आणि शक्य तर दुसऱ्याच कंपनीकडे असावी. एवढ्यानेही काम पुरे होत नाही. प्रत अर्धवट लिहिली गेली असेल, तर ते नुसत्या फाइलच्या नावावरून कळत नाही. तीन-चार महिन्यांतून एकदा नवे आभासी यंत्र भाड्याने घ्यावे, तीवर प्रत उतरवावी आणि कालच चढविलेले पुस्तक सूचीत सापडते की नाही, हे पाहावे. हे काम एका दुपारी उरकते. तपासणी संपताच ते यंत्र नष्ट करावे. केवळ बंद केल्यास त्याच्या साठवणीचे भाडे चालूच राहते.