शालेय वाचनालय आणि समाजमाध्यमे

प्राथमिक शाळेत समाजमाध्यमांचा उपयोग करावा की करू नये, हा प्रश्न आता केवळ चर्चेचा राहिलेला नाही. मार्च 2020 मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळांना कुलपे लागली, तेव्हा शिक्षकांनी पालकांच्या मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप उघडले आणि त्यांवरून स्वाध्याय पाठविण्यास आरंभ केला. साथ ओसरली, शाळा पूर्ववत भरू लागल्या. ग्रुप मात्र राहिले. आज त्यांवर सुट्टीची सूचना, गणवेशाची चौकशी, सणावारांच्या शुभेच्छा आणि मधूनच एखादा घबराट उडविणारा निरोप असा मजकूर एकाखाली एक येत असतो. साधन हाती आहे; त्याला अध्यापनाचे काम मात्र कोणी नेमून दिलेले नाही. ते काम कोणते असावे, याचा विचार येथे मुळशी तालुक्यातील परिस्थिती डोळ्यांपुढे ठेवून केला आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक या दोहोंच्या नियमांप्रमाणे 13 वर्षांखालील मुलास स्वतःचे खाते उघडता येत नाही. म्हणजे आपल्या पहिली ते पाचवीच्या वर्गांतील मुले या माध्यमांची वापरकर्ती नव्हेतच. ती शिक्षक व पालक या दोन प्रौढांमधील देवघेव आहे, व मुलाला तिचा लाभ पोहोचवायचा तो या दोघांच्या हातून. हे ध्यानात घेतले म्हणजे मुलांच्या हाती मोबाइल द्यावा की न द्यावा, हा वाद पुष्कळ अंशी निकालात निघतो.

दुसरी गोष्ट भूगोलाची. मुळशी तालुक्याच्या पूर्वेस हिंजवडीला संगणक व्यवसायाची मोठमोठी कार्यालये उभी आहेत. त्याच तालुक्याच्या पश्चिमेस ताम्हिणीच्या बाजूला पावसाळ्यात वीज व मोबाइलचे जाळे केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. एकच परिपत्रक दोन्हीकडे सारखे लागू करणे सोपे असते, शिकविणे तसे सोपे नसते. धनगरवाड्यावर किंवा कातकरी वस्तीवर घरटी मोबाइल असेलच असे नाही. आणि असला तरी तो वडिलांबरोबर पिरंगुटच्या कारखान्यात जातो व रात्री घरी येतो. म्हणून ग्रुपवर दिलेला स्वाध्याय हा कधीही एकमेव स्वाध्याय असू नये. जे ग्रुपवर, तेच वर्गाच्या फळ्यावर, असा रिवाज ठेवावा. वाचता न येणाऱ्या पालकासाठी लिखित मजकुरापेक्षा आवाजाचा निरोप बरा, आणि तो सायंकाळी सातनंतर पाठविलेला बरा.

आता वाचनालयाकडे वळू. बहुतेक शाळांत वाचनालय म्हणजे एक कपाट किंवा पेटी. तिची किल्ली मुख्याध्यापकांपाशी असते. पुस्तक हरवले वा फाटले तर नोंदवहीत काय लिहावे, या धास्तीने पुष्कळदा पुस्तके कोरी राहतात. (नोंदवहीत सुस्थितीत असलेले आणि कोणीही न उघडलेले पुस्तक हे खरे हरवलेले पुस्तक, असे प्रस्तुत लेखकास वाटते.) समाजमाध्यमाचा पहिला उपयोग ही पेटी उघडण्यासाठी करता येतो. चौथीतील एखाद्या मुलीला एक गोष्टीचे पुस्तक द्यावे, तिच्याकडून पहिली दोन पाने चांगली तयार करून घ्यावीत, आणि तिचा आवाज ध्वनिमुद्रित करून पालकांच्या ग्रुपवर पाठवावा. दोन पानांवर, गोष्ट ऐन रंगात आली असता थांबावे. पुढे काय झाले ते पुस्तकात आहे, व पुस्तक शाळेत आहे, एवढेच शेवटी सांगावे. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक मागण्यास कोण कोण येते ते पाहावे. ज्यांनी ऐकले नाही त्यांच्यासाठी तोच आवाज सकाळी परिपाठाच्या वेळी ऐकवावा. वाचनप्रेरणा दिन 15 ऑक्टोबरला येतो. हा उपक्रम मात्र त्या एका दिवसाचा न करता आठवड्याचा करावा.

पेटीतील पुस्तके संपली तर काय, हा प्रश्न ज्या शाळेस पडेल ती शाळा भाग्यवान. तिच्यासाठी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक महाजालावर उपलब्ध करून दिलेले आहेत, आणि ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीतील सचित्र गोष्टी विनामूल्य मिळतात. त्यांतील एखादी गोष्ट ग्रुपवर नुसती लोटून देऊ नये. शिक्षकाने ती आधी वाचावी, वर्गात सांगावी, मग पाठवावी.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी येथे जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनी केलेले काम येथे आठवते. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून त्यातून कविता, ध्वनिफिती व पाठ मुलांपर्यंत पोहोचविण्याची कल्पना त्यांनी राबविली. डिसेंबर 2020 मध्ये त्यांना दहा लक्ष डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, व त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. पुरस्काराची कथा सर्वांस ठाऊक आहे. कल्पनेतील मर्म तितकेसे लक्षात घेतले जात नाही. कोड पुस्तकाच्या पानावर होता. मूल आधी पुस्तक उघडत असे व मग यंत्राकडे जात असे. हा क्रम उलटला की तेच यंत्र पुस्तकाला मागे ढकलते.

वर्गातील उपयोगाचे एक उदाहरण सविस्तर घेऊ. नीला व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने धरण बांधावयास घेतले, त्यात मावळ्यांची गावे व भातखाचरे बुडणार होती, आणि त्याविरुद्ध 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीस, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना लोक ‘सेनापती’ म्हणू लागले ते याच लढ्यातून. धरण झाले, त्याच्या पाण्यावर घाटाखाली भिरा येथे 1927 पासून वीज निर्माण होऊ लागली. हा इतिहास आपल्या मुलांच्या उशाशी आहे. शिक्षकाने ग्रुपवर एकच प्रश्न आवाजाने विचारावा: पाण्याखाली गेलेल्या गावाविषयी, देवळाविषयी किंवा वाटेविषयी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांकडून काय ऐकले आहे, ते दोन मिनिटांत सांगावे. ज्या घरी मोबाइल नाही, तेथील मुलाने आजीआजोबांस विचारून वहीत लिहून आणावे; त्याचे मोल तितकेच.

उत्तरे येतील ती एकमेकांशी जुळणार नाहीत. कोणी बुडालेल्या गावांची संख्या एक सांगेल, कोणी दुसरी. कोणाची साले चुकतील. खरा पाठ येथून सुरू होतो. मुलांनी प्रत्येक माहितीपुढे दोन गोष्टी लिहाव्यात: हे कोणी सांगितले, आणि त्यांनी कोणाकडून ऐकले. नंतर मराठी विश्वकोशात व वाचनालयातील पुस्तकांत ताडून पाहावे. जे जुळेल त्यावर खूण करावी. जे जुळणार नाही ते खोडू नये, दोन्ही म्हणणी शेजारी ठेवावीत. हा सत्याग्रह धरणाविरुद्धचा जगातील पहिला लढा होता, असे निरोप अधूनमधून फिरत असतात. हे कोणी म्हटले, असे मुलांनी विचारले तर राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकातच तसे म्हटले आहे, हे सांगता येते. विधानाला धनी असतो, ही कल्पना नऊ-दहा वर्षांच्या मुलास एवढ्यावरून कळते. शेवटी सर्व लेखन एका वहीत उतरवून तिला पुठ्ठा घालावा आणि वाचनालयाच्या नोंदवहीत तिला रीतसर क्रमांक द्यावा. मोबाइल बदलला की त्यातील आवाज जातात. वही पुढच्या वर्गाला मिळते.

निरोपाचा धनी विचारण्याची सवय लागली नाही तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. मुले पळविणाऱ्या टोळ्यांची अफवा त्यापूर्वी मोबाइलवरून पसरलेली होती. पुढे पाठवीत गेलेल्यांपैकी अनेकांना आपण मुलांचे रक्षणच करीत आहोत असे वाटले असेल. त्याच महिन्यात भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविता येऊ नये, अशी मर्यादा व्हॉट्सअ‍ॅपने घातली. ही घटना लहान मुलांस सांगण्याची नव्हे. पालकसभेत मात्र ती जरूर सांगावी, आणि शाळेच्या ग्रुपवर असा निरोप आल्यास शिक्षकाने गप्प बसू नये. कोणी, केव्हा, कुठे, कशावरून, हे चार प्रश्न तेथेच विचारावेत. निरोपावर दुहेरी बाणाची खूण असेल तर तो अनेकदा फिरून आलेला आहे, हे पालकांस दाखवावे.

राहता राहिली मुलांच्या माहितीची गोष्ट. शिष्यवृत्तीच्या यादीचे छायाचित्र, त्यात आधार क्रमांक, बँकेचे खाते व जातीचा रकाना, असे जसेच्या तसे ग्रुपवर टाकल्याचे प्रकार घडतात. गणवेश किंवा दप्तर स्वीकारणाऱ्या मुलाचे छायाचित्रही तितकेच अनुचित होय; ते मूल ज्यांच्यात खेळते त्यांच्यापुढेच आपण त्याचे दैन्य मांडतो. संसदेने 2023 मध्ये केलेल्या वैयक्तिक माहितीसंरक्षणाच्या कायद्यात 18 वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. वरिष्ठांना अहवालासाठी यादी वा छायाचित्र हवे असेल, तर ते त्यांना स्वतंत्रपणे पाठवावे. त्यासाठी ते सबंध गावापुढे ठेवण्याचे कारण नाही.

संमती घ्यावयाची ती जूनमधील पालकसभेत, साध्या मराठीत लिहिलेल्या चिठ्ठीवर घ्यावी, व आवाज आणि छायाचित्र यांसाठी वेगवेगळी विचारावी. एखादी आई नको म्हणाली तर कारण विचारू नये. तिच्या मुलीने ती दोन पाने परिपाठात, सर्वांसमोर उभे राहून वाचावीत.